चीक

घुड्यांच्या घरी एकाच आठवड्यात दोघी मोकळ्या झाल्या.
सोमवारी म्हैस,
शुक्रवारी प्रणिता.

म्हशीसाठी दीर रात्रभर बॅटरी धरून गोठ्यात बसला.
प्रणिताला धसईला न्यायचं तर
जीप भरायची वाट बघावी लागली.

मी वजन घ्यायला गेले तेव्हा
वंचाबाईंनी खरवसाची ताटली पुढे केली.
गूळ, वेलची, सुरी टेकली की थरथरणारा.
"घे ताई, पयल्या चिकाचा हाय. ताकद असते."
मी खाल्ला. दोन वड्या.
तिसरी, खरं सांगते, मुलासाठी बांधून घेतली.

मग विचारलं, बाळीला काय पाजलं?
"मध चाटवला. गुळाचं पाणी, बोळ्यानं."
आणि प्रणिताचं?
"ते पिवळं, चिकट. जड पडतं ते. पिळून टाकलं."
कुठे?
"चुलीच्या राखेत."

ताटली माझ्या मांडीवर होती.
आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच
आणि तो माझ्या तोंडातून निघेना.

रजिस्टरात रकाना आहे: पहिल्या तासात स्तनपान.
मी 'नाही'वर गोल केला
आणि माझं पहिलं बाळंतपण आठवलं,
माझ्या आईने धरलेली वाटी,
पिळणारे तिचेच मायाळू हात.

सव्विसाव्या दिवशी प्रणिता भेंडीत.
वाशीची गाडी साडेनऊला, त्याआधी क्रेट भरायचे.
लव खाजते म्हणून हातात नवऱ्याचे जुने मोजे;
नवरा भिवंडीला गोदामात, पंधरवड्याने येतो.
नऊच्या सुमाराला ब्लाऊज ओला होतो.
ती पदर ओढते, खुडत राहते.
घरी आठ वर्षांची पुतणी
चहात बिस्किट बुडवून बाळीच्या ओठांना लावते,
पुसते, पुन्हा लावते. फार जपून.

डेअरीत फॅटवर भाव,
म्हणून म्हशीला सरकीची पेंड, मुठीने मीठ.
प्रणिता शेवटी जेवते,
पातेल्यात जे असेल ते.
केळं नको, बाळीला सर्दी होईल.

दुसऱ्या महिन्यात तीन किलो तीनशे. लाल.
फ्लिपचार्ट पिशवीतच ठेवला.
वंचाबाईंना म्हटलं, पारडी दाखवा.
पारडी ढुशा देत होती, एक सड तिच्यासाठी राखलेला.
हिला चीक नसता दिला तर?
"मरती ना. हागवण लागून..."
त्या थांबल्या. दावं हातात तसंच.
बराच वेळ नुसती पारडी चोखत होती.
"माझी दोन गेली," म्हणाल्या,
"कोनी सांगलाच नाय."
मी काही बोलले नाही.
सांगणारी तेव्हा मीही नव्हते.

पुढच्या गुरुवारी बांधावर वंचाबाई, कडेवर बाळी:
"ए प्रणिता! आधी हिला घे.
भेंडी काय पळून जात नाय."
गाडीवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला.
वंचाबाई रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या,
दोन्ही हातांनी पदर पसरून,
आणि मोजे काढायला विसरलेली प्रणिता
तशीच मातीत बसली.

तिसऱ्या महिन्यात चार किलो शंभर.
काटा स्थिर होईपर्यंत मी थांबले.
ठिपका दिला.
पिवळ्यात.
तो रंग मी जरा वेळ बघत राहिले.