कानाडोळा

वरळीच्या रेंजवर वाघधरे मास्तर
बंदुकीआधी हातात देतात
कानांवरचे जाड मफ, पिवळा चष्मा.
काचेवर एक बारीक खड्डा –
कुणाच्या तरी डोळ्याकडे निघालेलं
काहीतरी इथेच अडलेलं.

"घाम येतो, सर," मी कुरकुरले.
त्यांनी डावा कान पुढे केला, मग आठवून
उजवा.
"ऐंशी साली आम्ही कापूस कोंबायचो.
तोही आठवला तर."

मफ चढवले. समुद्र बंद. कोस्टल रोड बंद.
आपलाच श्वास तेवढा,
शेजारच्या खोलीत कुणी झोपल्यासारखा.

गोळी सुटली ती आधी खांद्याला कळली.

मास्तर काहीतरी म्हणाले.
मी एक मफ उचलून विचारलं, काय?
त्यांनी तळहाताने तो परत दाबून बसवला.
शेजारची लेन
अजून सुरू होती.