कच टाकणारी गाडी

कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर बर्फ.
रस्ता पांढरा, गाडीमागून मिठाचा फवारा,
कानटोपीतला चालक हसतोय.
भांडार विभागात पंखा तीच ऊन हवा ढवळतो.
अंबादास गड्डम पान उलटतो, घामेजला अंगठा
बर्फावर उमटतो, वाळतो.

"मिठाऐवजी कच टाकता येईल का हो यातून?"
फोनवर पलीकडचा माणूस गप्प.
"दगडाची कच. बारीक.
आमच्याकडं रस्ता घसरत नाही, चिकटतोय."

मग सांगत बसतो:
चव्वेचाळीस अंश, कन्ना चौक, डांबर उकळून वर आलेलं.
परवा कारखान्यात विड्या देऊन परतताना
नरसव्वा चिलकाची एक चप्पल तिथंच रुतली.
दुसरी काढून तिनं रिकाम्या टोपलीत टाकली
आणि दुकानांच्या सावली-सावलीनं
टाचा उचलत घरी गेली.

तीन दरपत्रकं. सर्वांत कमी दर मंजूर.
'उणे वीस अंशातही इंजिन सुरू व्हावे'
ही अट तशीच राहिली,
तिच्यावरही सहा सह्या झाल्या.

आता भर दुपारी मौला नदाफ निघतो,
डोक्याला ओला पंचा.
त्याच्या मागं काळा रस्ता करडा होत जातो,
चप्पल कचेखाली दिसेनाशी होते.

गाडीत स्टिअरिंगमागं एक दिवा आहे,
सहा टोकांचा, निळा.
मौलाला वाटतं, चांदणी असावी.
अजून एकदाही पेटलेली नाही.