इनसोलखाली

बसा. मागच्या रांगेतल्यांनो, पुढे या,
प्रोजेक्टर आज अर्धाच दिसतोय, बाकीचं तोंडी सांगते.
बालेवाडीचा हा हॉल असाच,
पंखा लावला की मी ऐकू येत नाही
आणि बंद केला की तुम्ही पेंगता.

उद्या रात्री विमान.
पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा.
मॅनेजर म्हणतील, "सगळ्यांचे माझ्याकडे द्या, हरवतील."
हसून म्हणायचं, सर, हरवला तर माझा हरवेल.
एक झेरॉक्स बॅगेत, एक घरी डब्यात.
दूतावासाचा नंबर मोबाइलमध्ये असून उपयोग नाही,
मोबाइलच आधी काढून घेतात.
पाठ हवा. सिंधू, तुझी आठशेची वेळ?
"दोन सात पॉइंट चार."
हां, तसा.

मामांनी पुढे ढकललेलं, भावाने चिडून पाठवलेलं,
सगळं आज रात्री पुसा.
तिथे विनोदालाही कलम आहे.
रात्री कुणीही बोलावलं, अगदी आपल्यातल्याच कुणी,
तर दोघींनी जायचं, किंवा जायचंच नाही.
खोलीचं दार कधी उघडायचं
ते आत झोपणारी ठरवते.
अल्फिया, स्कार्फचं विचारत होतीस ना,
शर्यतीत चालतो, नियम वाचलाय मी.
रस्त्यात कुणी ओढला तर नियम तिथे नसेल.
हाक मार. लाजू नकोस, बोंब मार.

कागदावर हे असे नऊ मुद्दे आहेत.
खाली सही करा, बाहेर चहा आणि क्रीमरोल आहे.

थांबा.

मी तुमच्याएवढी होते, सणस मैदानावर मातीत पळायचे,
तेव्हा आम्हाला कुणी हॉलमध्ये बसवलं नाही.
"नीट जा, पाणी उकळून पी",
एवढीच आमची सुरक्षा.
हॉटेलात तिसऱ्या दिवशी चादरी बदलायला बाई आली.
माझ्या बॅगेवर आईने ऑइलपेंटने लिहिलं होतं: पुणे.
ते वाचून ती उभीच राहिली.
मग दार लोटून म्हणाली, "मराठी हाव का तुमी?"

गंगामणी. किनवटकडची.
पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात,
अकरा महिन्यांचा पगार त्याच कपाटात.
चिठ्ठीवर नंबर दिला, गावातल्या किराणा दुकानाचा.
"काई नको. मी हाव, एवढं सांगा घरी."

दुपारी माझी हीट होती.
मी हो हो म्हणाले,
चिठ्ठी बुटात सरकवली, इनसोलखाली,
आणि तिचा चेहरा विसरून
स्पाइक्स मोजायला लागले.
सहावी आले.

शेवटचे दोन आकडे घामाने गेले होते.
दोन आकडे म्हणजे शंभर नंबर.
स्वारगेटच्या एसटीडी बूथमध्ये
मी एकोणीस लावून पाहिले.
लाल मीटर धावत होतं, माझ्यापेक्षा वेगात.
बहुतेक लागलेच नाहीत. एकाने शिवी दिली.
एक म्हातारा म्हणाला, "कोन गंगामनी?"
आणि मी सांगूनही फोन ठेवेचना,
नुसता श्वास ऐकू येत राहिला,
जणू त्यालाही कुणाचीतरी खबर हवी होती.

पुढे पैसे संपले, असं मी सगळ्यांना सांगते.
पैसे होते.

तर दहावा मुद्दा.
छापायला दिला होता, वरून खोडून आला.
म्हणाले, मॅडम, पोरी खेळायला चालल्यात.
हो, खेळायलाच.
पण ज्या ट्रॅकवर पळाल तो कुणीतरी उन्हात अंथरलाय,
ज्या उशीवर झोपाल तिचा अभ्रा कुणीतरी बदलणार,
आणि त्यांच्यातलं कुणी
तुमच्या बॅगेवरचं गाव वाचू शकेल.
शूर होऊ नका, भांडू नका, त्यांचा फोटो काढू नका,
तुमच्या फोटोची शिक्षा त्यांना होईल.
नाव, गाव, नंबर ऐका.
बुटात ठेवू नका.

चला, आधी दूतावासाचा नंबर म्हणा,
सगळ्या मिळून, न बघता.
तो पंखा बंद करा गं कुणीतरी.