बिनकागदाचा शब्द

कवालाच्या बंदरावर, जकात कचेरीत,
बत्तीस वर्षं मालाची नावं लिहिली मी.
तंबाखू. संगमरवर. पिंपांतली खारी मासळी.
प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला मूळ गाव.
निवृत्त झालो आणि शुभवर्तमान उघडलं,
मूळ ग्रीकमधलं. भाषा आपलीच, तरी
पणजोबांच्या कोटासारखी:
खांद्यात बसते, बाह्यांत बसत नाही.

तिथे प्रार्थनेत, भाकरीला अगदी खेटून,
तो उभा होता.
एपिऊसिओस.
कोशात त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.
या प्रार्थनेआधी तो कुणाच्या तोंडी असल्याचा
धड पुरावा नाही.
एक पंडित म्हणतो, मूळ 'असणे': जगण्यापुरती भाकर.
दुसरा म्हणतो, 'येणे': येणाऱ्या दिवसाची, उद्याची.
कुणाला तो दिसला होता म्हणे एका पपायरसावर,
कुठल्याशा घरखर्चाच्या यादीत.
शंभर वर्षांनी पुन्हा वाचलं, तर तिथे तेल होतं.
मी मोठ्यानं हसलो.
असल्या चुका मी पगार घेऊन केल्यात.

खालच्या गल्लीतला प्रोद्रोमोस, कोपरापर्यंत पीठ,
म्हणाला, "साहेब, अर्थ कसला शोधता?
पहाटे तीनला भट्टी पेटवतो ना,
तोच माझा एपिऊसिओस."
आणि सुटे पैसे मोजून दिले.

एवांथियाला आता 'पाव' आठवत नाही.
"ते," म्हणते, बोट दाखवते.
मीठही ते, चमचाही ते, कधी कधी मीही.
पण ताटावर हात जोडले की
सगळी प्रार्थना सलग येते, जुन्या उच्चारांत,
आणि तो शब्द ती असा टाकते
जसा पूर्वी आमटीत तमालपत्र टाकायची,
न बघता.

म्हणून वहीत मी 'उद्याची' खोडून टाकलं होतं.
जिला उद्या उरलेला नाही
ती उद्याची भाकर मागेल कशाला?

शनिवारी धुणं काढलं.
एप्रनच्या खिशात पावाचा तुकडा, दगड झालेला.
कोटात दुसरा.
उशीच्या अभ्र्यात तीन.
शिवणाच्या डब्यात, रिळांच्या मध्ये, आणखी एक,
रुमालात, नीट गाठ मारून.

"हे कुणासाठी?"
माझ्याकडे तिनं पाहिलं
जसे खलाशी पाहायचे, गाठोडं सोडायला सांगितलं की.
"नवरा येणारे माझा," म्हणाली, "बंदरावरून.
उद्या."

बराच वेळ मी रुमालाची गाठ धरून उभा होतो.

मग कॉफी केली. एक तुकडा तीत बुडवला.
दाढेला लागला, खाल्ला.
बाकीचे पाच जिथल्या तिथे ठेवले,
उशीतले उशीत, रुमालातला रुमालात,
तो येईल तेव्हा त्याला सापडतील असे.
धुणं सोमवारवर ढकललं.