कडा

मालकांचा एकच नियम होता:
ऊन आपल्या पाठीवर, गिऱ्हाईक उन्हासमोर.
डोळे मिचकावतात? मिचकावू देत.
चेहरा धुतल्यासारखा यायला पाहिजे.
भद्रकालीच्या त्या स्टुडिओत अकरा वर्षं
मी चेहरे धुतले,
पासपोर्टचे, साखरपुड्याचे,
मुंजीत रडून सुजलेल्या बटूंचे.

त्या सकाळी तांबट लेनमध्ये गेलो
तो घंगाळांचे फोटो काढायला, कॅटलॉगसाठी.
पौषातली थंडी. गंगेवरचं धुकं अजून गल्लीत.
मी आत, भट्टीला टेकून,
आणि दारात, उन्हाकडे पाठ करून,
पद्माकर पिंपळे हंड्याला ठोके देत होते.
म्हटलं, काका, जरा वळा, उजेड तोंडावर घ्या.
दोनदा म्हटलं.
मग म्हणाले, मी वळलो तर ठोका वळेल.

तसंच बटण दाबलं.
मीटरनं मागचं ऊन मोजलं
आणि माणूस काळा केला.
उरल्या त्या कडा:
कानाच्या पाळीवरची लव,
उचललेल्या कोपराला तांबूस दोरा,
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली,
आणि तोंडातून निघालेली वाफ,
तिला मात्र आरपार उजेड.

मालक म्हणाले, नाक कुठाय याचं? फिल्म फुकट.
मी तो पाकिटात सारला.

रहाडी उघडायच्या दोन दिवस आधी
त्यांचा विलास आला, डोकं भादरलेला.
बाबांचा एखादा आहे का तुमच्याकडे?
घरी एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला,
त्यात ते फेट्यांच्या मागे.
मला द्यायची लाज वाटली. तरी घेऊन गेलो.

सिंधूकाकूंनी फोटो खिडकीशी नेला.
बराच वेळ काही नाही.
मग बोट उजव्या कानाच्या कडेवर ठेवलं.
ह्या कानानं ऐकू येत नव्हतं त्यांना,
चाळीस वर्षं ठोके खाल्लेला कान.
मी म्हणून ह्या बाजूला बसायची,
इथे,
म्हणताना बोट सरकलं ते
काळ्या अंगावरून, पांढऱ्या उन्हावरून
फोटोच्या बाहेर, खिडकीच्या फळीवर गेलं
आणि तिथे थांबलं.

चेहऱ्याचं कुणीच काही बोललं नाही.
खिळा कुठे ठोकायचा एवढंच ठरत नव्हतं.
विलास हातोडी घेऊन उभा.
खिडकीतलं ऊन त्याच्या मागून येत होतं.
मी पाहिलं,
त्याचाही खांदा.