कुलपातली दशी

नऊ चाळीसला चाटी गल्लीत येते.
स्कूटी समोरच्या अंगाला लावते, जिलानीच्या टपरीशी.
चहा सांगत नाही लगेच. नुसती बघते.
शटरपुढे कोण रेंगाळतंय,
कोण उगाच मोबाइलमध्ये मान घालून उभा आहे,
पायरीवरची धूळ कालच्यासारखीच बसलीय का.
"दुकानाकडं सरळ चालत जायचं नाही, श्रीदेवी,"
चिलका मामा म्हणायचा,
"सोयरिकीला गेल्यासारखं जायचं. लांबून अंदाज घेत."

मग वाकायचं.
डाव्या कुलपाच्या कडीत एक दशी असते,
चादरीच्या काठाची, बोटभर,
रात्री मीच अडकवलेली.
रंग रोज वेगळा. तो कुणाला सांगायचा नाही,
उंबरजे शेठनाही नाही.
दशी जागेवर, तर किल्ली.
नसेल तर किल्ली पर्समध्ये, पाय मागे, आणि फोन.
आत शिरून शूरपणा करायचा नाही.
"टॉवेल साठ रुपयाला मिळतो," मामा म्हणायचा,
"डोकं कुठल्या पेठेत मिळतं, सांग."

शटर गुडघ्यापर्यंत. थांबायचं. कान द्यायचा.
मग सगळं वर,
आणि रात्रभर कोंडलेलं ऊन
खळीचा वास घेऊन अंगावर येतं.

मामा कुलपाला ताळम म्हणायचा, त्याच्या तेलुगूत.
मला ते ताळमेळातलंच वाटायचं.
अठ्ठावीस वर्षं त्यानं लावलं, काढलं.
मग हात थरथरायला लागला,
किल्ली भोकाभोवती नुसती फिरायची.
शेठनी एक दिवस जुडगा माझ्यापुढे ठेवला.
मामा तेव्हा चादरी मोजत होता,
मोजायच्या नसताना.

विडी घरकुलात आई पानं कातरता कातरता म्हणाली,
"बाईमाणसाच्या हातात दुकानाच्या किल्ल्या?"
आणि दोरा दातानं तोडला.
दुसऱ्या दिवशी डब्यात
कडक भाकरीवर शेंगाचटणी दुप्पट होती.

बंद करणं उघडण्यासारखं नसतं. तिथं घाई असते,
शेवटचं गिऱ्हाईक असतं, स्टँडवरची गाडी सुटणार असते त्याची.
तरी मागचं दार. मोरीची खिडकी.
थप्प्यांच्या मागे वाकून एकदा, कुणी नाही ना.
गल्ला मोजायचा तो शटर पाडून, दोघांनी.
देवापुढचा दिवा शांत करायचा,
उदबत्तीचं टोकसुद्धा पाण्यात.
सूत आहे सगळं, देव समजून घेतो.
मेन स्विच.
कुलूप तीनदा ओढायचं, तिसऱ्यांदा रागानं.

गड्ड्याच्या दिवसांतली गोष्ट.
रात्री हिरवी दशी लावली होती मी.
सकाळी पिवळी होती.

किल्ली पर्समध्ये. पाय मागे. फोन.
शेठ आले मफलर गुंडाळून,
जिलानी टपरीचा बांबू घेऊन उभा,
आम्ही दोघं आत, एक बाहेर, ठरल्याप्रमाणे.
अकरापर्यंत मोजलं.
एक नॅपकिन कमी नाही.

शेजारच्या एटीएमचा वॉचमन जांभई देत म्हणाला,
"म्हातारा येतो की तुमचा. रोज, दीड-दोनला.
कुलूप ओढून बघतो आणि जातो.
काल धागा तुटला हातून,
मग बंडीच्या खिशातनं दुसरा काढून बसवत होता.
अर्धा तास लागला त्याला, थंडीत.
मी म्हटलं देऊ का बसवून,
तर माझ्यावरच डोळे वटारले."

शेठ म्हणाले, सांगून टाकतो त्याच्या पोराला.
मी म्हटलं, नको.
आणि पहिल्यांदाच जिलानीचा चहा
दुकान उघडायच्या आधी नाही, मोजून झाल्यावर घेतला,
सगळ्यांनी, पायरीवर.

आता मी दोन दशा लावते.
डाव्या कुलपातली माझी.
उजव्यातली सैल, तुटायला.
सकाळी डावी बघायची, उजवीचं मनावर घ्यायचं नाही,
असं ठरवलंय.

खोटं कशाला बोलू,
आधी उजवीच बघते.