तिसरा पुकारा

एकतीस वर्षं अमळनेरच्या कोर्टात
मी नावं ओरडली.
पट्टेवाला, दगडू नथ्थू बडगुजर.
आवाज व्हरांडा ओलांडून
पार झेरॉक्सच्या टपरीपर्यंत जायचा.
साहेब म्हणायचे, दगडू,
आरोपी धुळ्यात असला तरी ऐकेल.

तीनदा पुकारायचं, असा रिवाज.
पहिला चहा पिणाऱ्यांना उठवायला,
दुसरा वकिलांना.
तिसऱ्यानंतर साहेब खाली बघून लिहितात :
गैरहजर.

आज मी आत, भिंतीकडच्या बाकावर.
दारात सुपडू, नवा पोरगा, नाकात बोलतो.
उत्कर्ष लोटन महाजन हाजिर होऽ
तो पहिल्याच पुकाऱ्याला हाजिर.
इस्त्रीचा शर्ट, मुठीत रुमाल, वय एकतीस.
घटनेच्या दिवशी सव्वीस होता.
माझा हितेंद्र सत्तावीस होता.
अजून सत्तावीसच आहे.

कागदात त्याचं नाव एकदाच.
पुढे सगळीकडे मयत.
मयत जिनिंगची रात्रपाळी करून चोपडा रोडने येत होता.
मयताच्या मोटारसायकलचा दिवा चालू होता.
मयताने हेल्मेटचा पट्टा बांधला होता का,
हे तीन साक्षीदारांना विचारलं,
तिघांनाही दोन दोनदा.
रक्तात शंभर मिलीला एकशे बासष्ट मिलिग्रॅम दारू,
हे एकदाच वाचलं,
तेही भरभर, बिलावरचा पत्ता वाचावा तसं.

गाडी अजून ठाण्याच्या आवारात, निंबाखाली.
दिव्याच्या खोबणीत गांधीलमाशांनी घर केलंय.
मुद्देमालाच्या यादीत सातव्या क्रमांकावर :
स्टीलचा डबा, तीन पुडाचा, दबलेला, नग एक.
कळण्याची भाकरी लिहिलेली नाही.
एक तो दर वेळी परत आणायचा,
फाटकाजवळच्या कुत्रीसाठी.

साहेबांनी विचारलं,
शिक्षेबाबत काही म्हणणं आहे?
मी अर्धा उठलो.
विचारलं त्याला होतं.
तो म्हणाला, आईला डायलिसिस आहे.
खोटं नसावं. लोटन महाजन बाहेर
चपला हातात घेऊन उभा होता, का कोण जाणे.

दोन वर्षं साधी कैद. दंड पाच हजार.
न भरल्यास आणखी एक महिना.
अपिलाची मुदत तीस दिवस,
तोवर शिक्षा स्थगित, जामीन मंजूर.
बारा वाजून दहा मिनिटांनी
तो आला त्याच दाराने गेला.

ही पदर दातांत धरून बसलेली.
एवढंच म्हणाली,
"नऊ महिना ते त्याले पोटमाच लागनात."

किती द्यायला हवे होते साहेबांनी?
पाच वर्षं मी हा आकडा मनात मांडतो.
दहा म्हटलं तरी पोट भरत नाही,
फाशी म्हटलं की लोटनच्या चपला दिसतात.
आणि बेटावदची ती बाई दिसते,
ट्रकखाली नवरा गेलेली. ड्रायव्हर प्यालेला.
दर तारखेला दारात येऊन विचारायची,
भाऊ, आज व्हई का?
मी वीस रुपये घेऊन सांगायचो, पुढची तारीख.
तारीख फळ्यावर लिहिलेली असायची, फुकट.
तिला वाचता येत नव्हतं.
तिचा निकाल काय लागला
मला आठवत नाही.
मी दारातच होतो.

दोन वाजता सगळे जेवायला पांगले.
सुपडू डबा उघडून म्हणाला,
आप्पा, बसा ना.
मी म्हटलं, जरा सरक.
दाराच्या चौकटीत उभा राहिलो,
उजवा हात कानाशी, जुनी सवय.

हितेंद्र दगडू बडगुजर हाजिर होऽ

टपरीवरचा माणूस वळून बघायला लागला.

हितेंद्र दगडू बडगुजर

हिने बाकावरून मान वर केली.
व्हरांड्यात एक शेळी, एक रिकामी खुर्ची.
सुपडूचा घास हातातच.

तिसरा पुकारा मी दिला नाही.
तिसऱ्यानंतर लिहून टाकतात.